निगेटिव्ह कुठे आहे? मराठी चित्रपट निर्मात्यांना खुले पत्र

मराठी चित्रपटांच्या सर्व निर्मात्यांना, आणि जे निर्माते आज हयात नाहीत त्यांच्या मुलाबाळांना,

सप्रेम नमस्कार.

मी कॅमेरामन आहे. १९८४ साली कोल्हापुरात कॅमेरा अटेंडंट म्हणून लागलो, पुढे मुंबईत असिस्टंट झालो, बरीच वर्षं फोकस पुलर होतो आणि १९९८ पासून स्वतंत्रपणे छायालेखन करतो आहे. निम्मी हयात फिल्मवर, म्हणजे कॅमेऱ्यात भरायच्या रिळावर, गेली, निम्मी डिजिटलवर. त्यामुळे कुठल्याही कार्यशाळेत, महोत्सवात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा एक प्रश्न मला हमखास येतो. डिजिटल कॅमेऱ्यानं फिल्म कायमची घालवली का?

शूटिंगपुरतं विचाराल तर हो, आपल्याकडे घालवली. त्यात आता वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. २००७ साली रेड वन हा डिजिटल कॅमेरा आला. मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'ला २००९ साली छायालेखनाचं ऑस्कर मिळालं, आणि त्याचा मोठा भाग छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेला होता. धारावीच्या बोळांत जिथं आमचा फिल्म कॅमेरा ट्रायपॉडसकट शिरलाच नसता तिथं तो कॅमेरा पळत गेला. २०१० मध्ये ॲरी कंपनीचा ॲलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला आणि आमच्यातल्या हट्टी लोकांचीही बोलती बंद झाली. पुढच्याच वर्षी ॲरी, पॅनाव्हिजन आणि आतों या तिन्ही कंपन्यांनी नवे फिल्म कॅमेरे बनवणं थांबवलं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१३ मध्ये फुजीनं शूटिंगची फिल्म बनवणं सोडून दिलं. कोडॅक सावरली, आजही फिल्म बनवते. 'ओपनहायमर'साठी तर तिनं ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म खास तयार करून दिली. पण ते गणित हॉलिवूडच्या बजेटचं. दीड-दोन कोटींत तीस दिवसांचं शेड्यूल बसवणाऱ्या मराठी निर्मात्यानं फिल्मवर शूट करावं असं मी कधीच म्हणणार नाही. हे पत्र त्यासाठी नाही, झालेले चित्रपट जपून ठेवण्यासाठी आहे.

फिल्मवर माझं प्रेम आहे, ते लपवून काय करू? चेंजिंग बॅगमध्ये कोपरापर्यंत हात घालून मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा फिल्मचा डबा, भरायचं, तेव्हा डोळ्यांचा काही उपयोग नसायचा. बोटांनीच फिल्मची कड चाचपायची, लूपची लांबी बोटांनी मोजायची, स्प्रॉकेटचा दात छिद्रात बसला की जो बारीकसा 'टक्' होतो तो ऐकायचा. मे महिन्यात वाईच्या घाटावर त्या काळ्या पिशवीत हातांना घाम सुटायचा, आणि घामाचा एक थेंब इमल्शनवर, म्हणजे चित्र उमटतं त्या थरावर, पडला तर रोल गेला. चारशे फुटांचा रोल, मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे साडेचार मिनिटांपेक्षा थोडं कमीच. म्हणून तालमी व्हायच्या. म्हणून 'कॅमेरा' म्हटल्यावर सेटवर जी शांतता पडायची ती खरी असायची. टेक ओके झाला की गेट, म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्मसमोरची चौकट, उघडून केस, कचरा बघायचा, 'गेट क्लीन' म्हणायचं, तेव्हा कुठे पुढचा शॉट.

हे सगळं मनात असूनही मी म्हणतो की डिजिटलनं मराठी चित्रपटाचं भलं केलं. कंदिलाच्या उजेडात खरोखर कंदिलावरच शॉट घेता येतो, हे १९९० साली मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. एका रिलीजला मोजक्या प्रिंट निघायच्या, त्याच एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात फिरायच्या, आणि तिसऱ्या महिन्यात जत्रेच्या तंबूत पोचेपर्यंत पडद्यावर नुसता ओरखड्यांचा पाऊस. आज आडगावच्या पडद्यावरही पुण्यासारखीच स्वच्छ प्रत दिसते. ज्यांच्या घरात कोणी कॅमेरा पाहिला नव्हता अशी बीडची, सोलापूरची, चंद्रपूरची पोरं आज स्वतःचा चित्रपट घेऊन उभी आहेत. कोऱ्या फिल्मच्या, रॉ स्टॉकच्या, भावानं ती कधी उभी राहिली नसती.

सुरुवातीच्या डिजिटलला भर उन्हातला पांढरा फेटा झेपत नसे, ते खरं. सातारा भागात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा क्लोजअप घेताना मी रडकुंडीला आलो होतो. चेहरा सावळा, रापलेला. चेहऱ्याला एक्स्पोज करावं तर फेट्याच्या घड्या जळून नुसता पांढरा डाग, फेटा वाचवावा तर डोळे काळोखात. फिल्म अशा वेळी पांढऱ्याला हळूहळू सोडते, एकदम तोडत नाही. शेवटी दोन माणसं कापड धरून उभी केली, तेव्हा शॉट झाला. आताचे कॅमेरे तो फेटाही सांभाळतात आणि डोळेही. ती तक्रार संपली.

मग पत्र कशासाठी? एका वेगळ्या गोष्टीसाठी, जी या बदलात आपल्या हातून निसटली आणि आपल्याला कळलंही नाही. फिल्म दोन कामं करत होती. तिच्यावर आपण चित्रपट घेत होतो, आणि तिच्यावरच तो राहत होता. शूटिंग संपलं, निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रिंट काढतात ती मूळ फिल्म, कट झाली, प्रिंट निघाल्या, की ती निगेटिव्ह डब्यात जाऊन लॅबच्या फडताळात बसायची. कोणी काही ठरवलं नाही तरी बसायची. निर्माता कर्जबाजारी झाला, दिग्दर्शक वारला, तरी डबा तिथंच. डिजिटलनं पहिलं काम फिल्मपेक्षा चांगलं केलं. दुसरं काम ते आपोआप करत नाही. ते आपल्याला ठरवून करावं लागतं, दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं, आणि आपल्यापैकी फार थोडे जण ते करतात.

दोन चित्रपटांची हकिकत सांगतो. दोन्हींवर मी होतो. नावं घेत नाही, कारण कोणाला उघडं पाडण्यासाठी हे लिहीत नाही.

पहिला १९८८ सालचा, ग्रामीण. मी असिस्टंट होतो. पुढे ती लॅब बंद व्हायला आली, तेव्हा निर्मात्यांना 'आपापले डबे घेऊन जा' असं पत्र गेलं. या निर्मात्यांनी टेम्पो केला, पत्र्याचे डबे कोल्हापूरला आणले आणि घराच्या मधल्या खोलीत लाकडी पलंगाखाली ठेवले. ते वारले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं मला बोलावलं. पलंगाखालून एकेक डबा ओढून काढला. दोन डब्यांतून असा आंबूस वास आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांतली फिल्म आतल्या आत चिकटून वडीसारखी झाली होती. बाकीची मात्र फिरत होती. ती स्वच्छ करून फोरकेमध्ये, म्हणजे रुंदीत सुमारे चार हजार ठिपक्यांच्या चित्रात, स्कॅन झाली. पहिला शॉट पडद्यावर आला आणि मी खुर्चीतून उठलो. नायिकेच्या नऊवारीचा विणकरी पोत दिसत होता. गालावरून उतरणारा घामाचा ओघळ दिसत होता. मागे रहाटावर बसलेला पोरगा दिसत होता, तो तिथं आहे हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. १९८८ साली थिएटरच्या प्रिंटवर यातलं काहीच दिसलं नव्हतं. निगेटिव्हमध्ये ते सगळं तेव्हापासून होतं. छत्तीस वर्षं डब्यात पडून होतं.

दुसरा २०१० सालचा. माझा दुसराच डिजिटल चित्रपट. निर्मात्यांचा पहिला, आणि त्यांनी जीव ओतला होता. गेल्या वर्षी एका ओटीटीकडून विचारणा आली, चित्रपटाची मूळ पूर्ण प्रत, मास्टर, पाठवा. त्यांनी कपाटातून दोन हार्ड डिस्क काढल्या. मुहूर्ताच्या पूजेत वाहिलेलं हळदकुंकू अजून डिस्कच्या कव्हरवर होतं. पहिली डिस्क लावली तर आतून टक्-टक् आवाज, आणि काही नाही. दुसरी उघडली. चौतीस दिवसांपैकी सतरा दिवसांचे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, होते, एडिटचा प्रोजेक्ट होता, पण ज्या सॉफ्टवेअरच्या ज्या आवृत्तीत तो केला ती आता चालत नाही. ग्रेडिंग, म्हणजे रंग जुळवणी, केलेला अंतिम मास्टर पोस्ट-प्रॉडक्शनच्या स्टुडिओकडे होता. स्टुडिओ बंद होऊन दहा वर्षं झाली, माणसं पांगली. थिएटरला गेलेली डिजिटल प्रत सांकेतिक कुलपानं बंद होती आणि किल्ली कोणाकडेच नव्हती. शेवटी हातात राहिली एक डीव्हीडी. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ओटीटीनं ती नाकारली.

१९८८ चा चित्रपट मी आज फोरकेमध्ये दाखवू शकतो आणि २०१० चा दाखवू शकत नाही. त्या निर्मात्यांच्या घरून परतताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही. त्या चित्रपटातला पावसाचा शॉट माझ्या आयुष्यातल्या चार-पाच चांगल्या शॉट्सपैकी एक होता. तो आता फक्त माझ्या डोळ्यांत आहे.

चित्रपट गमावणं आपल्याला नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती. त्यांतलं पहिलं आणि शेवटचं तेवढं आज उरलं आहे. 'कालिया मर्दन' बराचसा पाहता येतो, त्याचं श्रेय पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांना. दारोदार हिंडून त्यांनी रिळं गोळा केली. मूकपटांच्या काळातलं आपलं बहुतेक सगळं गेलं. चांदी काढण्यासाठी रिळं वितळवली गेली, सहज पेट घेणारी जुनी नायट्रेट फिल्म पेटली, राहिलेलं दमट हवेनं खाल्लं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा स्टुडिओ जळाला, 'मीठ भाकर' जळाला. भालजींनी तो पुन्हा केला. सगळेच भालजी नसतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली. ज्यांच्या प्रती आधीच सहज न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मवर काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते चित्रपट त्या आगीनंतरही राहिले. १९३७ साली व्हेनिसला गौरवलेला 'संत तुकाराम' आजचं पोर पाहू शकतं, त्यामागे अशीच कोणीतरी वेळेवर घेतलेली काळजी आहे.

पण फिल्म मरते ती हळूहळू मरते. वास देते, आकसते, रंग सोडते. माणसाला सावध व्हायला अवधी देते, आणि अर्धी मेलेली फिल्मसुद्धा अर्धा चित्रपट देते. हार्ड डिस्क काल चालत होती आणि आज चालत नाही. नुसती कपाटात ठेवून दिली तरी बिघडते. 'आमच्याकडे टेपवर बॅकअप आहे' असं काही जण अभिमानानं सांगतात. चांगलं आहे, एलटीओ, म्हणजे संगणकातली माहिती साठवायची चुंबकीय टेप, हा आज हाताशी असलेला बरा मार्ग आहे. पण टेप टिकली म्हणजे झालं असं नाही, ती वाचणारं यंत्र लागतं. एलटीओच्या आठव्या पिढीचं यंत्र सातवी आणि आठवी एवढ्याच टेप वाचतं. २०१० साली तुम्ही पाचव्या पिढीच्या टेपवर बॅकअप घेतला असेल, तर तो आज नव्या यंत्रात जातच नाही, जुनं यंत्र शोधत फिरावं लागतं. म्हणजे सहा-सात वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवणं आलंच. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीनं २००७ साली हिशेब मांडला होता. चित्रपटाचा अंतिम मास्टर फिल्मवर सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, आणि तोच फोरके डिजिटलमध्ये सांभाळायला १२,५१४. त्यानंतर साठवण बरीच स्वस्त झाली, आकडे बदलले असतील. पण खर्चाची जात बदललेली नाही. डबा एकदा थंड, कोरड्या खोलीत ठेवला की झालं. डिजिटलला दर काही वर्षांनी पैसे, माणूस आणि आठवण, तिन्ही लागतात. आठवण सगळ्यात आधी संपते.

आता मागणं.

नवा चित्रपट करताना बजेटच्या कागदावर 'जतन' अशी एक ओळ घाला. पहिल्या दिवसापासून घाला, रिलीजनंतर उरलेल्या पैशातून नको, कारण रिलीजनंतर पैसे उरत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पोस्टच्या करारात लिहून घ्या की अंतिम मास्टर सुट्या फ्रेमच्या स्वरूपात, कुठल्याही एका सॉफ्टवेअरवर न अडणारा, कुलूप नसलेला, तुमच्या हातात मिळेल. सोबत थिएटरची प्रतही कुलुपाशिवायची. आवाजाचे संवाद, संगीत, इफेक्ट वेगवेगळे. त्याच्या दोन प्रती, दोन गावांत. एक मुंबईत आणि दुसरीही मुंबईतच, असं नको. २६ जुलै २००५ ला मिठीच्या पाण्यानं किती तळमजले भरले ते आठवा. दर दिवाळीत एकदा प्रत लावून बघा, उघडते का. लक्ष्मीपूजनाला चोपड्या काढता, तेव्हाच ही डिस्कही काढा.

आणि ज्यांना परवडेल त्यांनी, निदान मोठी कंपनी पाठीशी असलेल्यांनी, अंतिम मास्टर पुन्हा फिल्मवर उतरवून ठेवा. हे उलट वाटेल. डिजिटलवर शूट केलेलं फिल्मवर कशाला? कारण पॉलिएस्टरच्या कृष्णधवल फिल्मवर लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे पट काढून ठेवले, तर त्यात उडायला रंगच नसतो, नुसती चांदी असते. नीट ठेवली तर शेकडो वर्षं राहते. आणि वाचायला उजेड आणि भिंग पुरतं, सॉफ्टवेअर लागत नाही. हॉलिवूडमधले स्टुडिओ आपल्या मोठ्या चित्रपटांचं हेच करत आले आहेत. डिजिटल कॅमेरा फिल्मची जागा घेईल का, या प्रश्नाचं माझं खरं उत्तर इथं आहे. कॅमेऱ्यात घेतली. तिजोरीत अजून घेतलेली नाही.

हे एकट्या-दुकट्याला जड जाईल, म्हणून एकत्र या. दहा निर्मात्यांनी मिळून एक टेप यंत्र घेतलं, एक माणूस नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च बराच कमी होईल. 

जुन्या चित्रपटांच्या वारसांना वेगळं सांगायचं आहे. वडिलांच्या चित्रपटाची निगेटिव्ह कुठे आहे, हे आज, या आठवड्यात शोधा. लॅब बंद झाली असेल तर डबे कोणी उचलले, हक्क विकले तेव्हा निगेटिव्हही दिली का, हे करार काढून वाचा. पुष्कळ घरांत करार असतो आणि तो कोणी वाचलेला नसतो. डबे घरातच असतील तर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, तिथं उन्हाळ्यात फिल्म शिजते. कोकणात असाल तर बुरशीची जास्त धास्ती. इमल्शन जिलेटिनचं असतं आणि बुरशीला ते आवडतं. आंबूस वासाचा डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, कारण ती वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही नासवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. आणि हौसेनं जुन्या प्रोजेक्टरवर चालवून बघू नका. आकसलेली फिल्म दातांवर फाटते, मग ती जोडणं फार अवघड जातं.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून हेच काम करतं. तिथं जाऊन बोला. डबे ठेवायला दिले की चित्रपट हातचा गेला, ही भीती मी अनेक घरांत ऐकली आहे. ठेव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय देतो आणि काय आपल्याकडे राखतो ते कागदावर लिहून घ्या, मग द्या. पलंगाखालच्या मालकीचा काही उपयोग नाही. कोल्हापूरच्या त्या दोन डब्यांत चित्रपटाचा शेवट होता. मुलाकडे आज वडिलांचा चित्रपट आहे, पण त्याला शेवट नाही.

ज्यांच्याकडे डबे आहेत आणि उघडायची छाती होत नाही, त्यांनी उघडू नका. मला बोलवा. आपल्या धंद्यात माझा नंबर मिळणं अवघड नाही. हातमोजे आणि भिंग माझ्याकडे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, कुठेही येतो, पैसे घेणार नाही. पावसाळ्याच्या आधी मात्र बोलवा.

आपला,
एक कॅमेरामन